वाड्याला काम हवे

इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात डॉनिंग्टन हॉल नावाचा एक वाडा आहे. मोटरसायकलच्या शर्यतींचे वेड असलेल्यांना डॉनिंग्टन हे नाव ठाऊक असते ते शेजारच्या ट्रॅकमुळे. मराठी वाचकाने ते आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हरकत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा वाडा बांधून घेणारा अर्ल ऑफ मॉयरा म्हणजेच पुढचा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, 1813 ते 1823 या काळातला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. त्याच्याच अमदानीत 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला, आणि पुढच्याच वर्षी निवती आणि रेडीचा यशवंतगड हे किल्ले इंग्रजांच्या ताब्यात जाऊन सावंतवाडी संस्थानाला त्यांच्याशी तह करावा लागला. वाडा मात्र त्याआधीचा, त्यामुळे तो आपल्याकडच्या लुटीतून उभा राहिला असा आरोप करता येत नाही. सावंतवाडीचा राजवाडाही साधारण त्याच वयाचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला. म्हणजे जिंकणाऱ्याचा एक वाडा आणि तह करावा लागलेल्यांचा दुसरा, दोन्ही आज उभे आहेत. ते कशामुळे उभे राहिले याचा शोध घेतला, तर सिंधुदुर्गातल्या शेकडो साध्या घरांविषयीही बोलता येते, आणि खरी चिंता त्यांचीच आहे.

डॉनिंग्टनचा शर्यतीशी संबंध जुळला तो 1931 मध्ये. डर्बीच्या मोटर क्लबचे चिटणीस फ्रेड क्रेनर यांनी वाड्याच्या तेव्हाच्या मालकांकडे इस्टेटीतल्या वाटांवर मोटरसायकली पळवायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. वाटा कच्च्या होत्या. एके ठिकाणी तर रस्ता शेतघराच्या इमारतींमधून जाई. दोन वर्षांत तिथे मोटारीही पळू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात सगळी जागा लष्करी गाड्यांचे आगार झाली, शर्यती बंद पडल्या, आणि टॉम व्हीटक्रॉफ्ट यांनी जागा विकत घेऊन 1977 मध्ये ट्रॅक पुन्हा सुरू केला. 1987 पासून 2009 पर्यंत ब्रिटनची मोटरसायकल ग्रां प्री इथेच होत असे. खुद्द वाड्याने काय काय पाहिले? पहिल्या महायुद्धात तो जर्मन अधिकाऱ्यांचा कैदखाना होता. 1915 मध्ये गुंटर प्लुशोव नावाचा वैमानिक इथून निसटला तो थेट मायदेशी पोचला. पुढे वाड्यात ब्रिटिश मिडलँड या विमान कंपनीचे मुख्यालय आले. 2013 मध्ये नॉर्टन ही मोटरसायकल कंपनी आली. 1907 च्या पहिल्याच आयल ऑफ मॅन शर्यतीत दुहेरी सिलिंडरच्या गटात जिंकलेली गाडी नॉर्टनची होती, म्हणजे शर्यतीच्या इतिहासातले इतके जुने नाव शर्यतीच्याच शेजारी राहायला आले. पत्रिका जुळल्यासारखे वाटावे असा योग होता. पण जानेवारी 2020 मध्ये नॉर्टन दिवाळखोरीत गेली. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या टीव्हीएसने 1 कोटी 60 लाख पौंडांना तिचा व्यवसाय विकत घेतला आणि उत्पादन दुसरीकडे नेले. वाडा तिथेच राहिला. पुढच्या वर्षी तो ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीने घेतला, तिथे हॉटेल करण्याच्या इराद्याने.

या हकिकतीत नुसत्या नावावर वाडा तगला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. नॉर्टनइतके वजनदार नावही सातच वर्षे पुरले. ट्रॅकलगत शर्यतीच्या जुन्या मोटारींचे एक मोठे संग्रहालय होते, तेही 2018 मध्ये बंद पडले. ब्रिटनच्या कायद्याने वाडा संरक्षित यादीत घातलेला आहे. त्यामुळे मालकाला मनाप्रमाणे भिंत पाडता येत नाही, पण पाणी कुठून झिरपते ते बघायला कायदा कौलावर चढत नाही. वाडा टिकला तो प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी तिथे सकाळी येऊन दिवे लावत होता म्हणून. आता तो ट्रॅकवाल्यांकडे आला आहे, आणि हे काम सगळ्यांत टिकाऊ ठरेल असे मला वाटते, कारण पाव्हणे त्याच्या दाराशी आपण होऊन येतात. वाड्याला नुसते काम पुरत नाही, ते त्याच्या परिसरातून आलेले असावे लागते.

सावंतवाडीत ही गोष्ट वेगळ्या वाटेने, आणि मला वाटते अधिक नेमकेपणाने, घडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली गंजिफा जवळपास संपत आली होती. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचा राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, असे एकूण 120 पत्ते. चिंचोक्याच्या खळीवर तयार केलेला पुठ्ठा, त्यावर रंग, त्यावर लाखेचा चकचकीत हात. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हा उद्योग कोण करणार? सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, आणि कारागिरांना बसायला जागा दिली ती राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये. जिथे मुजरे झाले तिथे चितारी मांडी घालून बारीक कुंचल्याने मत्स्यावताराचे खवले रंगवू लागले. आज राजवाड्याच्या काही भागात पाहुण्यांच्या राहण्याची सोय आहे, तिच्या सजावटीतही गंजिफेचीच चित्रे आहेत. कलेला छप्पर मिळाले हे सगळे सांगतात, पण छपरालाही कलेने धरून ठेवले, हे कमी वेळा सांगितले जाते. तिकीट काढून आत येणारा माणूस सिंहासन बघतो आणि पत्ते विकत घेतो, आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतायला लागणारे पैसे या दोन्हींतून येतात.

राजवाड्यांचे ठीक आहे, साध्या घराचे काय, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आधी इथले घर मरते कसे ते पाहावे लागेल. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, पण सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात असे लांब पाख्यांचे छप्पर, आणि चिरे सांधायला माती किंवा चुना. माणसे मुंबईला गेली, दाराला कुलूप लागले, की पहिला घाव वानर घालतात. टोळी छपरावरून उड्या मारत जाते आणि एखादे कौल सरकते. घरात वावर असता तर त्याच संध्याकाळी वरून उजेडाची तिरीप दिसली असती आणि कोणीतरी शिडी लावली असती. कुलूपबंद घरात पहिला पाऊस रिपेवर पडतो, दुसऱ्या वर्षी वासा कुजतो. चूल पेटत नसल्याने लाकडाला धूर लागत नाही, आणि वाळवी भिंतीतल्या मातीतून वर चढते. मग भिंतीचा माथा भिजतो, सांध्यातली माती वाहून जाते, भिंत पोटातून फुगते. घर फिरले की वासे फिरतात असे आपण म्हणतो, इथे आधी वासेच फिरतात. शेवटी कोणी सद्भावनेने सिमेंटचा गिलावा करतो. चिऱ्यातली ओल बाहेर पडायची वाट त्याने बंद होते, आणि उरलेले काम आतल्या आत पुरे होते.

म्हणजे साध्या घरालाही वावर हवा, आणि वावरासाठी काम हवे. यावर पहिला आक्षेप असा, की घर कामाला लावले की त्याचा बाजार होतो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि किनाऱ्यावर पुढे काय काय झाले ते सर्वांसमोर आहे: पडवी पाडून स्लॅब टाकायचा आणि दारात शोभेला बैलगाडीचे चाक टेकवायचे. आक्षेप खरा आहे, पण तो कामावर नसून चुकीच्या कामावर आहे. वातानुकूलित दहा खोल्या मागणारे काम पडवीच्या अंगाला बसत नाही. पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथीचे आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात मांडले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याचा गोठेपणा मोडावा लागला नाही, कारण पोथीतली चित्रे आणि बाहुल्या ठेवायला मोठे दालन लागत नाही. गोव्याकडे निघालेल्या मोटरसायकलस्वारांचे तांडे आंबोली घाटातून आणि किनाऱ्याच्या रस्त्याने बारमाही जातात. त्यांना गाड्या लावायला खळे, अंग टेकायला पडवी आणि पेजेबरोबर आंब्याचे लोणचे एवढे पुरते. यासाठी घरातली एकही भिंत हलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. घर सामाईक असते. असेसमेंट उताऱ्यावर आजोबांचेच नाव, आणि हिस्सेदार बोरिवली ते बडोदा पांगलेले. दुरुस्तीला कोणी हात घातला की हा घर बळकावतो अशी शंका उठते, म्हणून शहाणा माणूस हात घालत नाही. सरकारी मदतीने हे सुटणार नाही. 2025 मध्ये मालवणचा सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आनंद आहेच, पण किल्ल्याला मालक एक असतो आणि घराला सतरा. हिस्सेदारांनी मालकी आणि सांभाळ या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या केल्या, तर मार्ग निघतो: गावात राहणाऱ्या एकाला ठरावीक वर्षे वापर द्यायचा, मोबदल्यात छप्पर त्याने राखायचे, हिस्सा कोणाचाही हलणार नाही. डॉनिंग्टनलाही शर्यती लावणारा आणि वाड्याचा मालक हे आरंभी दोन वेगळेच होते, आणि त्यात मालकाचे काही गेले नाही.

शिवाय आपल्याकडे असे एक काम आधीपासून चालत आलेले आहे, आणि घरांच्या जतनाचा विचार करणारे त्याची गणतीच करत नाहीत. मूळ घरात गणपती बसतो. तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवता येत नाही, म्हणून भाद्रपदापूर्वी चाकरमानी कोणाला तरी पैसे पाठवून कौले परतून घेतो, गणपतीमागची भिंत रंगवली जाते, जमीन सारवली जाते. आज सिंधुदुर्गात जी जुनी घरे उभी आहेत, त्यांतली कितीतरी या पाच-सात दिवसांच्या वावरावर उभी आहेत. आदल्या दिवशी गणपतीच्या वर माटवी बांधायची असते. नारळ, सुपारीचा घड, कवंडळे, तिरडे वर टांगायला कोणीतरी स्टुलावर चढतो, हात वर करून सुंभ वाशाभोवती आवळतो, आणि वाशाचा भुगा बोटांना लागला तर तिथल्या तिथे ओरडून सांगतो.