स्टेरॉइडची गोळी : घेताना विचार, सोडताना दुप्पट विचार



लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांवर आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय मात्र घराघरातला आहे.

गेल्या पावसाळ्यात वसईतील सांडोरला आमच्या नात्यातील एका बागायतदार काकांकडे जाणे झाले. गुडघेदुखीवर ते वर्षभर कुणाकडून तरी कागदी पुडीतल्या गोळ्या आणून घेत होते. दुखणे थांबले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. घरची मंडळी म्हणाली, तब्येत सुधारली! पुढे कोणी सांगितले की गोळीत स्टेरॉइड आहे. काकांनी घाबरून त्याच दिवशी पुड्या फेकल्या. चार दिवसांत उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. रुग्णालयात नेले, तर डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू केले! आम्ही चक्रावलो. मग डॉक्टरांनी कारण सांगितले.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचा रस सोडते. रक्तदाब राखणे, आजारपणाचा ताण सोसणे ही कामे त्यावर चालतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधे म्हणजे त्याच रसाची भावंडे. ती पेशीच्या आत जाऊन सूज आणणारे पदार्थ तयार होणेच कमी करतात. त्यामुळे सूज उतरते व दुखणे थांबते. पण रोगजंतू मरत नाहीत आणि झिजलेला गुडघाही भरून येत नाही.

कालव्याचे पाणी बारमाही मिळू लागले की विहिरीवरची मोटर कोण चालवतो? ती तशीच गंजते. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळाले की शरीरातील ग्रंथीही तशीच सुस्तावते. कालवा एकदम बंद झाला तर पीक वाळणारच. काकांचे तेच झाले. डॉक्टरांनी पुढे कित्येक महिने गोळी थोडी थोडी कमी करत नेली, तेव्हा ग्रंथी पुन्हा कामाला लागली.

म्हणून हे औषध वाईट समजू नये. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला ते दिले आणि रुग्ण चालू लागला. १९५० साली हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, तीव्र ॲलर्जी, मूत्रपिंडाचे काही विकार, कुष्ठरोगात नसांना येणारी सूज यांत आजही त्याचा मोठा आधार आहे.

कोरोनात दोन्ही बाजू दिसल्या. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीत प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाले. प्राणवायू न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. तरीही पुष्कळांनी ते गरजेवाचून घेतले. २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राणही घेतले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही त्यामागची मोठी कारणे होती.

मलमाचेही असेच. घामाने, ओल्या कपड्यांनी मांडीला नायटा होतो. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असले तर खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आतून पसरतो आणि कातडी पातळ होते.

तरी सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) पुडीतली, नाव नसलेली गोळी घेऊ नये. मलमही डॉक्टरांना विचारूनच लावावे.

२) मधुमेह, रक्तदाब, क्षय किंवा पोटात अल्सर असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. या औषधाने रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

३) बरेच दिवस चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ऑपरेशनच्या वेळी ती चालू असल्याचे जरूर सांगावे.

४) दम्याचा पंप "स्टेरॉइड आहे" म्हणून सोडू नये. त्यात औषध अल्प असते. ओढल्यावर चूळ भरावी.

उसाला युरियाचा हप्ता आपण मोजून, वेळ पाहून देतो. आपल्या देहाची काळजी त्याहून कमी नसावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी