जवसाचे तेल आणि बंगईची फळी

दसरा झाला की वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घरांतले सागवानी सामान धूळ झटकायला अंगणात येते. देव्हारा, चौरंग, पाळणा आणि ओसरीवरची बंगई. उजेडात आणल्यावर वर्षभराचे डाग दिसू लागतात. गरम पातेल्याचे पांढुरके कडे, खिडकीतून आलेल्या पावसाने राखाडी पडलेला कोपरा, लोखंडी कढईखालचा काळा ठिपका. मग घरात चर्चा होते : मशीनने घासून वरून चकचकीत कोट मारून घ्यावा, की विकूनच टाकावे? बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. लाकडाला तेल दिलेले असेल तर बिघडलेली जागा घरच्या घरी दुरुस्त होते. मात्र तेल कोणते, हे कळायला हवे.

आमच्या घरी ते कळायला एक उन्हाळा गेला. बंगईच्या फळीवर चहाच्या भांड्याचे कडे उमटले होते. आईने स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेल चोळले. दोन दिवस फळी झकास दिसली. नंतर बसणाऱ्याचे कपडे चिकटू लागले, धूळ बसली, मुंग्या लागल्या. शेवटी वाढई आले, त्यांनी फळीवर बोट फिरवले आणि म्हणाले, “हे तेल वाळत नाही जी. याले जवसाचं तेल लागते.”

त्या एका वाक्यात सगळे रसायनशास्त्र आहे. तेल वाळते म्हणजे ते पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडाच्या छिद्रांत घट्ट, न विरघळणारे जाळे तयार होते. वाळलेल्या तेलाचे वजन ओल्या तेलापेक्षा थोडे वाढलेले असते, ते यामुळेच. ही गुंफण सगळ्या तेलांत सारखी होत नाही. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते यावरून तिचा अंदाज करतात. खोबरेल तेलाचा हा आकडा साधारण 10, शेंगदाण्याचा 90 च्या आसपास, तिळाचा 110, करडईचा 140 आणि जवसाचा 170 ते 200. आकडा 130 च्या वर गेला की तेल वाळणारे समजायचे. म्हणून शेंगदाणा तेल वर्षभर ओलेच राहते, करडई हळूहळू आवळते आणि जवस खरोखर वाळते.

हे तेल विदर्भाला परके नाही. जवसाची चटणी आपल्या ताटात आहे आणि जवसाचे तेल इथे खाण्यातही होते. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम चालले. हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद यांच्याबरोबर बैलाच्या तेलघाणीवर तिथे विशेष प्रयोग झाले. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी पुढे वर्ध्याच्या नावाने ओळखली गेली. 1938 च्या डिसेंबरात गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालय आजही याच परिसरात आहे. कुमारप्पांचा आग्रह होता की गरजेची वस्तू जवळच्या मालातून व्हावी आणि टिकावी. गावच्या सागाला गावच्या जवसाचे तेल, हे त्या विचाराचे अगदी साधे उदाहरण आहे.

आता दुरुस्ती. सुरुवातीला फळीवर नेमके काय आहे ते ओळखावे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर ठेवावा. पृष्ठभाग मऊ होऊन चिकटला तर ते लाखेचे पॉलिश आहे. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला तर व्हार्निश आहे. दोन्ही झाले नाही, तर तेल असण्याची शक्यता मोठी. मग पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर तेल शाबूत आहे. पसरून लाकूड काळसर झाले तर तिथले तेल संपले आहे.

त्यानंतर सफाई. सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून फळी रात्रभर वाळू द्यावी. धुण्याचा सोडा वापरू नये. अल्कलीमुळे तेलाचाच साबण होतो आणि सागही काळवंडतो. न वाळणाऱ्या तेलाचा चिकटा असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्याने तो निघेपर्यंत पुसावे, फडके वारंवार बदलावे.

घासताना नेहमी एक चूक होते. डागापुरतेच घासले जाते आणि तिथे खळगा पडतो. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, डागाच्या बराच बाहेरपर्यंत हलक्या हाताने घासावे आणि शेवटी 320 नंबरचा हात फिरवावा. प्लायवूडवरचा पातळ सागवानी पत्रा असेल तर फारच जपून. लोखंडी तारेचा घासणा टाळावा. त्याचे कण लाकडात अडकतात आणि नवे काळे ठिपके उठतात. कढईचा डाग असाच पडलेला असतो : लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांचा संयोग. तो घासून जात नाही. फरशी पॉलिश करणारे वापरतात ते ऑक्झॅलिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून लावल्यास डाग फिका होतो. पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे, नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे. ते पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर पॉलिश पेपर चालवू नये.

मग तेल. घाणीचे कच्चे जवसाचे तेल काही आठवडे बाटलीत स्थिर ठेवावे, गाळ खाली बसला की वरचे नितळ तेल घ्यावे. पहिल्या हाताला त्यात तितकेच टर्पेंटाइन मिसळावे म्हणजे ते खोल मुरते. फडक्याने चोळावे, वीस मिनिटे थांबावे आणि वर राहिलेले सगळे तेल पुसून काढावे. दुरुस्ती बिघडते ती या पुसण्यात कसर केल्याने. जास्त तेलाने जास्त चमक येत नाही, चिकटा येतो. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते. बाजारातल्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात वाळवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते एक-दोन दिवसांत वाळते. बंगईला ते चालेल, पोळपाटाला नाही. पहिला हात वाळल्यावर निव्वळ तेलाचे आणखी दोन पातळ हात द्यावेत. शेवटचा हात पूर्ण फळीवर फिरवला की नवी-जुनी सीमा पुसट होते. राहिलेला फरक काही महिन्यांत तेल पिवळसर होईल तसा मिटतो.

एक इशारा दुर्लक्षू नये. तेल वाळताना उष्णता निघते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती काडी न लावताही पेटू शकतात. काम संपताच ती अंगणात एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

या कामाला दसरा ते दिवाळीचे दिवस सोयीचे. पावसाळी दमट हवेत तेल वाळत नाही आणि ओल्या लाकडावर बुरशीही धरते. मे महिन्यातल्या तापल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वर साय धरते. आत्ता हवा कोरडी असते, ऊन सोसवेल इतके असते. फळी सावलीत, पण वाऱ्याला ठेवावी.

जाड चकचकीत कोट दिसायला छान, पण त्याला चर पडली की बहुधा सगळाच खरवडून पुन्हा द्यावा लागतो, आणि ते घरच्या माणसाच्या हातचे काम राहत नाही. तेलाच्या फळीचा बिघडलेला तुकडा मात्र घरातले कोणीही, वाटीभर तेल आणि एक फडके घेऊन, नीट करू शकते. कपाशी आणि सोयाबीनच्या पट्ट्यात जवसाचे शेत आता क्वचित दिसते, गावातली घाणीही थांबली आहे. त्यांच्याबरोबर कोणते तेल वाळते हे ज्ञानही विसरले जात आहे, आणि दुरुस्त होऊ शकणारी बंगई भंगारात जाते ती त्यामुळे.

आमच्या फळीवरचे कडे आजही तिरप्या उन्हात अगदी पुसट दिसते. कपडे मात्र चिकटत नाहीत. दरवर्षी दिवाळीआधी आई तिला एक पातळ हात देते आणि फडके आठवणीने तारेवर पसरते.