मेलेल्या राजावर खुनाचा आळ

सर्बियाचा सम्राट उरोश हा नेमान्यिच घराण्याचा शेवटचा राज्यकर्ता. त्याच्याबरोबर राज्य करणाऱ्या राजा वुकाशिनने त्याला शिकारीला नेऊन ठार मारलं, अशी कथा तिथे शतकानुशतकं सांगितली गेली. लोकगीतांत ती आहे, उत्तरकालीन इतिवृत्तांत आहे, पात्रिआर्क पाय्सिये यांनी १७व्या शतकात लिहिलेल्या उरोशच्या संतचरित्रातही आहे. ती खोटी आहे. वुकाशिन २६ सप्टेंबर १३७१ रोजी मारित्सा नदीकाठी तुर्कांशी लढताना पडला. उरोश वारला त्याच सालच्या डिसेंबरात.

हे सहज लक्षात का येत नाही, ते कालगणनेत पाहा. मध्ययुगातले सर्ब लेखनिक सृष्टीच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजत, आकड्यांच्या जागी सिरिलिक अक्षरं लिहीत आणि त्यांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई. त्या हिशेबाने सप्टेंबरातली लढाई आणि डिसेंबरातला मृत्यू दोन्ही ६८८० या एकाच वर्षात येतात. नुसतं वर्ष वाचून आधी कोण गेलं ते कळणार नाही. महिना पाहिला की आळ उरतच नाही.

या जुन्या लिखाणाला सरसकट 'इतिहासग्रंथ' म्हणणं हीसुद्धा चूकच. त्यात निरनिराळे प्रकार आहेत. 'झितिये' म्हणजे संतचरित्र; राजेही संत ठरत, म्हणून त्यांचीही लिहिली जात. 'लेतोपिस' म्हणजे आपण जिला शकावली म्हणतो तशी, साल आणि घटना. आणि 'रोदोस्लोव' म्हणजे वंशावळ. वंशावळ कुणासाठी लिहिली हे आधी विचारावं. सर्वांत जुना रोदोस्लोव १३७४ ते १३७७च्या सुमाराचा मानतात. बोस्नियाचा राज्यकर्ता त्वर्त्को नेमका तेव्हाच सर्बियाच्या मुकुटावर हक्क सांगत होता आणि त्याची आजी येलिसावेता ही नेमान्यिच राजा द्रागुतिनची मुलगी. १३७७ साली त्याने मुकुट धारण केलाही.

पुढे तर वंशावळ थेट रोमला जाऊन भिडली. कॉन्स्टंटाईन द फिलॉसॉफर याने १४३०च्या दशकात सर्बियाचा राज्यकर्ता देस्पोत (ही पदवी) स्तेफान लाझारेविच याचं चरित्र लिहिलं. त्यात रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनची बहीण कॉन्स्टांशिया आणि तिचा नवरा लिसिनियस यांचा मुलगा बेला उरोश, त्याचा तेहोमिल आणि तेहोमिलचा नेमान्या, म्हणजे नेमान्यिच घराण्याचा मूळपुरुष, असा वंश दिला आहे. लिसिनियसचं लग्न ३१३ सालचं, नेमान्या १२व्या शतकातला. आठशे वर्षं दोन माणसांत भरून काढली आहेत! सम्राट कॉन्स्टंटाईनच्या हुकमाने लिसिनियस ३२५ साली आणि त्याचा मुलगा पुढच्याच वर्षी मारला गेला. स्लाव लोक बाल्कनमध्ये उतरले ते त्यानंतर दोन-तीन शतकांनी. देस्पोत स्तेफान आईकडून नेमान्यिच होता, तेव्हा त्याच्या दरबाराला हे मूळ हवंसं वाटणं मला समजतं. पण ते खरं नाही.

मग हे सगळं थोतांड म्हणून फेकून द्यायचं का? मुळीच नाही. रचलेल्या वंशावळीतूनही १५व्या शतकातल्या दरबाराला स्वतःविषयी काय दाखवायचं होतं ते स्पष्ट कळतं. शिवाय पोथ्यांत लेखनिकांनी केलेल्या नोंदी आहेत. इसाइया नावाचा भिक्षू ग्रीसमधल्या आथोस या मठांच्या डोंगरावर एका ग्रीक धर्मग्रंथाचं भाषांतर करत होता. ते संपवताना त्याने शेवटी मारित्साच्या पराभवाची हकिगत लिहून ठेवली. समकालीन माणसाच्या हातची ही नोंद मला दहा वंशावळींपेक्षा मोलाची वाटते.

आता पुन्हा वुकाशिनवरच्या आळाकडे. मारित्साची लढाई, वुकाशिनचा मृत्यू आणि उरोशचा मृत्यू यांचा कालक्रम १८७९ साली इलारिओन रुवारात्स यांनी एका निबंधात तपासला आणि पाच वर्षांनी ल्युबोमिर कोवाचेविच यांनी वुकाशिनच्या निर्दोषत्वावर स्वतंत्र लेख लिहिला. रुवारात्स हे उरोशला संत मानणाऱ्या त्याच सर्बियन चर्चचे, फ्रुश्का गोरा डोंगरातल्या ग्र्गेतेग मठाचे मठाधिपती होते.