वेदना : शरीराची पहारेकरीण

विस्तवाला बोट लागताच विचार करण्यापूर्वी हात मागे येतो. त्वचेतील मज्जातंतू ती वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस पोचवितात. तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. मेंदूला वेदना कळते ती मागाहून. आपण वेदनेला शत्रू मानतो. वस्तुतः ती परमेश्वराने नेमलेली पहारेकरीण होय.

हा पहारा उठला म्हणजे काय अनर्थ होतो, हे कुष्ठरोगात दिसते. त्याचे जंतू मज्जातंतूंच्या वेष्टनातील पेशींत घर करतात. मग चटका बसतो, काटा रुततो, पण रोग्यास कळत नाही. हातपाय झिजतात ते बहुधा अशा न कळलेल्या जखमा चिघळून. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे संत दामियन ह्यांनी १८८४ साली कढत पाण्यात पाय घातला. फोड आले, पण चटका जाणवला नाही. त्यांना रोगाची खूण पटली.

हैदराबादेत कुकटपल्ली येथे राणी कुमुदिनीदेवी ह्यांनी १९५८ साली शिवानंद पुनर्वसन गृह स्थापून समाजाने टाकलेल्या अशा रोग्यांना आसरा दिला. आज हा रोग सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. परंतु उशीर झाल्यास गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. म्हणून मातापित्यांनो, मुलांच्या अंगावर फिकट वा तांबूस, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. विनाविलंब दवाखाना गाठा. आणि शेजारी कोणी रोगी असेल तर त्यास दूर लोटू नका. आपल्या प्रभूने कुष्ठरोग्यास हात लावूनच बरे केले.