नवोदित गोल्फपटूंसाठी चेंडू व भिंतीचे व्यायाम : समन्वय आणि स्थैर्य यांचा विचार

प्रस्तावना

१९०४ नंतर थेट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्फचे पुनरागमन झाले. पुढे २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक यांचे पदक थोडक्यात हुकले व त्या चौथ्या राहिल्या. या खेळाकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या प्रशिक्षणात चेंडू किती दूर जातो यालाच बहुधा महत्त्व मिळते. तो मारणारे शरीर त्यासाठी तयार आहे काय, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात या पूर्वतयारीच्या एका साध्या साधनाचा, म्हणजे चेंडू व भिंत यांच्या व्यायामांचा, विचार केला आहे.

समन्वयाची गरज

क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजाकडे येतो. गोल्फमध्ये तो जागीच असतो आणि खेळाडूचे शरीर त्याच्याभोवती फिरते. त्यामुळे गोल्फमध्ये चपळ समन्वयाची गरज नाही, असा समज होतो. वस्तुतः मागे नेलेली काठी पाव ते तृतीयांश सेकंदात खाली येऊन चेंडूवर नेमकी पोहोचावी लागते. चेंडूची दिशा केवळ एक अंशाने चुकली, तरी २०० मीटर अंतरावर तो सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. फटक्याचे बल जमिनीच्या आधाराने पाय, कटिभाग, धड, हात व काठी या क्रमाने वर चढते. या साखळीतील एक दुवा डळमळला, तर त्याची भरपाई पुढच्या दुव्याला करावी लागते.

वाढत्या वयातील धोका

ही भरपाई अनेकदा कंबरेच्या मणक्यांवर येऊन पडते. या मणक्यांची रचना फार फिरण्यासाठी नाही. फिरण्याचे मुख्य काम खुब्यांचे सांधे व छातीमागील मणके करतात. ते आखडलेले असल्यास पीळ कंबरेवर येतो. मुलींची उंची साधारणतः बाराव्या व मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. या काळात हातपाय आधी लांबतात, धड मागून वाढते आणि आत्मसात केलेल्या हालचालीही काही काळ बेढब होतात. अशा वेळी जोराच्या फटक्यांची संख्या वाढवणे म्हणजे अपुऱ्या पायावर मजला चढवणे होय.

व्यायामांचा क्रम

या व्यायामांत प्रथम स्थैर्य, मग समन्वय आणि शेवटी बल असा क्रम असावा.

१. चेंडू दाबून धरणे : भिंतीला बाजू देऊन उभे राहावे. भिंतीकडील गुडघा उचलून त्याची बाहेरची बाजू व भिंत यांमध्ये मोठा हवेचा चेंडू १० ते १५ सेकंद दाबून धरावा. येथे खरा व्यायाम जमिनीवरील पायाच्या खुब्याला होतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा भार फटक्याच्या अखेरीस डाव्या पायावर येतो, म्हणून त्या पायाचे स्थैर्य विशेष तपासावे.

२. चेंडू टिकवून वळणे : भिंतीकडे पाठ करून गोल्फच्या पवित्र्यात वाकावे. नितंब व भिंत यांमध्ये लहान मऊ चेंडू धरावा आणि हात छातीवर ठेवून खांदे सावकाश वळवावेत. कटिभाग पुढे सरकल्यास चेंडू खाली पडतो.

३. एका पायावर झेल : भिंतीपासून सुमारे दोन मीटरवर एका पायावर उभे राहावे. टेनिसचा चेंडू एका हाताने भिंतीवर टाकून दुसऱ्या हाताने झेलावा. सलग झेल मोजावेत व नंतर पाय बदलावा. डोळे, हात व तोल यांची सांगड येथे बसते.

४. वळून फेकणे : आधीचे तीन व्यायाम जमू लागल्यावर एक ते दोन किलो वजनाचा मेडिसिन बॉल घ्यावा. भिंतीला बाजू देऊन कटिभागापासून वळत तो सहा ते आठ वेळा फेकावा. फेक पायांपासून सुरू व्हावी. केवळ हातांनी ढकलू नये. भिंत भक्कम असावी आणि उसळलेला चेंडू तोंडावर येणार नाही इतके अंतर ठेवावे.

गोल्फ हा एकाच दिशेने फिरण्याचा खेळ असल्याने हे सर्व व्यायाम दोन्ही बाजूंनी करणे अगत्याचे आहे. कंबरेत वेदना जाणवल्यास व्यायाम थांबवावा. ती टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

शैक्षणिक महत्त्व

या पद्धतीचे मोल भिंतीच्या निःपक्षपाती उत्तरात आहे. चेंडू पडला, वाकडा परतला किंवा झेल सुटला, तर चूक विद्यार्थ्याला तत्क्षणी कळते. शिक्षकाने प्रत्येक वेळी बोट दाखवण्याची गरज उरत नाही. शिवाय गोल्फचे मैदान बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असले, तरी भिंत व चेंडू सर्वत्र उपलब्ध असतात. शारीरिक शिक्षण संचालकांना आठवड्यातून दोनतीन वेळा, १५ ते २० मिनिटांत हा उपक्रम घेता येईल. सलग झेलांची संख्या व तोल टिकवल्याचे सेकंद यांची नोंदवही ठेवल्यास प्रगतीचे मोजमापही होईल.

निष्कर्ष

या व्यायामांनी काठी धरण्याचे वा फटक्याचे तंत्र शिकता येत नाही. ते मैदानावरच शिकावे लागते. परंतु ते तंत्र पेलणारे शरीर भिंतीसमोर घडवता येते. नवोदित खेळाडूच्या बाबतीत फटक्याच्या लांबीपेक्षा त्याच्या पाठीचे आरोग्य अधिक मोलाचे मानले पाहिजे, कारण पाठ शाबूत राहिली तरच लांब फटक्याची वर्षे पुढे येणार आहेत.