ओळख कोणी कोणाला पटवायची?

मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वाय-फाय सुरू झाले, तेव्हा प्रवाशाने आपला मोबाइल क्रमांक द्यावयाचा, त्यावर आलेला अंक भरावयाचा, मगच जोडणी, अशी रीत ठेवण्यात आली. प्रवाशाची ओळख पटली. परंतु समोरचे जाळे खरोखर रेल्वेचेच आहे, त्याच नावाने कोणा भामट्याने मांडलेले नव्हे, याची खात्री प्रवाशाने कशी करून घ्यावी? या रीतीत त्याला उत्तर नाही.

असली एकतर्फी चौकशी नवी नव्हे. १९९७ च्या मानकातील ‘वेप’ पद्धतीत राउटर यंत्राकडे काही मजकूर उघडपणे धाडी. यंत्राने तो गुप्त किल्लीने सांकेतिक करून परतवावयाचा. वरवर परीक्षा चोख. पण ती होते हवेत, आणि आडून ऐकणाऱ्याच्या हाती मूळ मजकूरही पडे व सांकेतिकही. दोहोंची तुलना करताच त्यांमागील अंकमाला उघडी होई, आणि तीच पुन्हा वापरून किल्ली ठाऊक नसतानाही आत शिरता येई. पहारेकऱ्याने परवलीचा शब्द चव्हाट्यावर ओरडून घ्यावा, त्यातलाच हा प्रकार! २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमिर यांनी तर खुद्द किल्लीच हुडकण्याची वाट दाखविली.

२००४ च्या ‘डब्ल्यूपीए-२’ मध्ये संकेतशब्द हवेत जातच नाही. चार निरोपांच्या देवघेवीतून तो आपणांस ठाऊक असल्याचे उभयपक्षी सिद्ध केले जाते. मात्र ते निरोप टिपून ठेवून घरबसल्या लाखो शब्द ताडून पाहता येतात. शिवाय कचेरीत सर्वांना एकच शब्द, तोही बहुधा भिंतीवर डकविलेला! तो जाणणाऱ्याने शेजाऱ्याचे निरोप टिपले, तर त्याची त्या वेळची किल्लीही काढता येते. नोकरी सोडून गेलेल्याचे काय, हे वेगळे सांगावयास नको. २०१८ च्या ‘डब्ल्यूपीए-३’ने घरबसल्याचे ताडणे बंद केले, दर तर्काला जाळ्याशी नव्याने बोलणे भाग पडते. भिंतीवरच्या कागदावर मात्र त्यापाशीही इलाज नाही.

विद्यापीठांच्या ‘एड्युरोम’ व्यवस्थेत प्रत्येकाला स्वतंत्र नाव व संकेतशब्द असतो. परगावी गेलेल्या विद्यार्थ्याची ग्वाही त्याची स्वतःची संस्था देते, आणि संकेतशब्द धाडण्यापूर्वी फोन त्या संस्थेचे प्रमाणपत्र तपासू शकतो. उलट चौकशीची सोय येथे आहे. पण फोनमध्ये ती तपासणी नीट बसवावी लागते, आणि घाईच्या वेळी ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय निवडून विद्यार्थी मोकळा होतो.