रक्ताच्या कर्करोगात अचानक येणारा रक्तक्षय

गोचीड-तापाने आजारी पडलेली गाय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लघवी कॉफीसारखी होते, डोळ्याच्या आतली कड पांढरीफटक पडते आणि चार दिवसांत धडधाकट जनावर उभे राहीनासे होते. रक्त कोठे सांडलेले नसते. गोचिडीतून आलेले जंतू अंगातल्या अंगात तांबड्या पेशी फोडत असतात. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांतही पेशी अशाच नाश पावतात, पण तेथे जंतू नसतो. रुग्णाचे स्वतःचेच शरीर हे काम करते.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात हे विशेष आढळते. हा रोग बहुधा उतारवयात होतो व संथ असतो. काहींना वर्षानुवर्षे औषधही लागत नाही. यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे ही याच पेशींच्या घराण्याची कामगिरी. ती व्यवस्था विस्कटली की आपले-परके कळेनासे होते, आणि प्रतिपिंडे स्वतःच्याच तांबड्या पेशींना चिकटतात. अशा पेशी पानथरी, म्हणजे प्लीहा, गिळून टाकते. एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी पेशी मग थोड्याच दिवसांत संपते. या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांना हा त्रास केव्हातरी होतो.

रुग्ण फिकट पडतो, जिना चढताना धापा टाकतो, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. घरची माणसे कावीळ समजून झाडपाल्याचे औषध सुरू करतात, नाहीतर ‘आता कर्करोग शेवटाला आला’ म्हणून हात टेकतात. दोन्हींत मोलाचे दिवस जातात. लोहाच्या गोळ्यांनीही येथे काही साधत नाही, कारण फुटलेल्या पेशींतले लोह बहुतांशी शरीरातच राहते. आणि हा रक्तक्षय म्हणजे रोग वाढला असे मुळीच नाही. मूळचे जोधपूरचे व अमेरिकेत काम केलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ साली या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. त्यांत हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाणे ही पुढची पायरी. पण ती अस्थिमज्जा कर्करोगाने भरून गेल्याने झालेल्या रक्तक्षयासाठी. पेशी तयार होऊन बाहेर फुटत असतील, तर गोष्ट वेगळी.

हा भेद कळण्यास कूम्ब्स चाचणी करतात. बाटलीभर नव्हे, थोडेसे रक्त पुरते. १९४५ साली ती पुढे आणणारे इंग्लंडमधील रॉबिन कूम्ब्स शिक्षणाने गुरांचे डॉक्टर होते, हे आपल्या वाचकांना आवडेल. तांबड्या पेशींवर प्रतिपिंडे चिकटली असतील, तर त्यांच्या गुठळ्या दिसतात. जोडीला बिलिरुबिन, एल.डी.एच. आणि नव्या कोवळ्या पेशींची मोजणी करतात.

उपचारात प्रथम प्रेडनिसोलोन देतात, सोबत फॉलिक ॲसिड. बहुतेकांचे हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढू लागते. बरे वाटले म्हणून ही गोळी एकदम सोडू नये. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. साखर वाढते, म्हणून मधुमेह्यांनी तपासत राहावे. गुण न आल्यास रितुक्सिमॅब हे इंजेक्शन, मूळ कर्करोगाचे औषध, क्वचित प्लीहा काढणे असे मार्ग आहेत.

रक्त चढवण्याची पाळी आल्यास रुग्णाचे रक्त दात्याच्या रक्ताशी जुळवणे या रोगात अवघड जाते. रक्तपेढीला वेळ लागतो, तेव्हा रोगाचे नाव आणि कूम्ब्सचा कागद आधीच पुढे ठेवावा.